साडूचं रीळ

माझ्या आयुष्यात मी एकाच माणसाचा मनापासून हेवा केला, आणि तो माझा साडू. त्याने माझं कधी काही वाईट केलं नव्हतं. उलट मला तो मोठ्या भावाचा मान द्यायचा. माझी बायको थोरली, त्याची धाकटी, म्हणून तो मला ‘भाऊ’ म्हणे आणि वाकून नमस्कार करी. मी धुळ्याला देवपुरात प्राथमिक शाळेत मास्तर होतो. तो सुरतेला रेल्वेत मालधक्क्यावर कारकून होता. त्याला रेल्वेचं घर होतं, घरात विजेचा दिवा होता, आणि वर्षातून ठरावीक वेळा फुकट प्रवासाचा पास. हे सगळं मी सोसलं होतं. पण एक गोष्ट मी त्याच्याकडे जाऊ देणार नव्हतो, ती म्हणजे मासेमारी.

आमची सासरवाडी शिंदखेडा तालुक्यात, तापीच्या काठावर. सासऱ्यांना आम्ही सगळे आबा म्हणायचो. आबांना माशांचा भारी शौक. लग्नानंतरच्या पहिल्याच आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी साध्या बांबूने तापीच्या डोहातून हातभर लांबीची मरळ काढली, आणि तेव्हापासून मी आबांचा लाडका जावई झालो. दर आखाजीला लेकी माहेरी आल्या की आबा मला पहाटे उठवायचे. गावात सांगायचे, “मना मोठा जावाईना हातले मासा आपसूक लागस.” एवढं एकच कौतुक माझ्या वाट्याला होतं, आणि ते मी जपून ठेवलं होतं.

मग एका आखाजीला साडू आला तो कापडी पिशवीतून काठी घेऊन. तिचे तीन तुकडे पितळी टोपणांत बसायचे. काठी उभ्या चिरलेल्या बांबूच्या पट्ट्या चिकटवून केलेली, वर वॉर्निश, मधेमधे हिरव्या रेशमाचे वेढे. आणि तिच्या खाली बसवायचं ते रीळ! चांदीसारखं चकाकणारं, तळहाताएवढं, पांढऱ्या मुठीचं. मूठ फिरवली की आतून करकर आवाज यायचा. साहेबी दुकानातून मुंबईहून आणलं होतं. अंगणात निम्मा गाव जमला.

“हाई काय शे रे? रहाट शे का चाती?” आबांनी विचारलं.

“आबा, याच्यावर शंभर वार दोरा मावतो,” साडू म्हणाला. “मासा पळाला तर पळू द्यायचा. दमला की ओढून घ्यायचा. डुमसला समुद्रावर मी याच्यावर मासे धरतो. तुम्ही या ना एकदा सुरतेला. भाऊ, तुम्ही पण या.”

आबांनी ते रीळ लहान मुलासारखं मांडीवर घेतलं आणि तासभर करकर वाजवत बसले. त्या आखाजीला मी दोन चांगल्या वाम काढल्या. रात्री त्या खाल्ल्या सगळ्यांनी, पण बोलणं समुद्राचं चाललं होतं.

परत येताना बायकोने विचारलं, “गप्प का?”

“ऊन लागलंय,” मी म्हणालो.

“बरं,” ती म्हणाली. पण धुळ्याला पोचल्यावर पाण्याचा तांब्या पुढे करत म्हणाली, “तुम्हालाही घ्यायचं असेल तर घ्या. पण बेताने.”

बेत माझ्या पगाराएवढाच होता. एका मारवाडी शेठच्या नातवाला मी संध्याकाळी हिशेब आणि शुद्धलेखन शिकवायचो. त्या शिकवणीचे पैसे दिवाळीपर्यंत बाजूला टाकले तर पंधरा रुपये होणार होते. त्यात रीळ, काठी, दोरा, सगळं बसवायचं. साडूचं नुसतं रीळ त्याच्या दुपटीचं होतं, हे त्यानेच सहज सांगितलं होतं. ते ‘सहज’ मला महिनाभर टोचत राहिलं.

दिवाळीच्या सुटीत मी जळगावला गेलो. तिथे लोखंडी सामानाचं, सायकलींचं एक मोठं दुकान होतं. गादीवरच्या शेठजींना मी गळाच्या रिळाबद्दल विचारलं, तर त्यांनी दोन्ही कानांना हात लावले.

“मास्तर, आम्ही जैन माणसं. जीव मारायचं सामान या दुकानात नाही मिळायचं. सायकल घ्या, चांगली देतो.”

मी उठलो. मी पायरी उतरताना त्यांनाच दया आली असावी. म्हणाले, “मी विकत नाही, पण सांगायला काय! भुसावळला जा. रेल्वेचे गोरे, अर्धे गोरे लोक नोकरी संपली की घरातलं सगळं विकून जातात. त्यांना हे वेड असतं.”

भुसावळला रेल्वेच्या बंगल्यांच्या ओळीत विचारत विचारत मी एका म्हाताऱ्या इंजिन ड्रायव्हरच्या व्हरांड्यात पोचलो. तो पुढच्या महिन्यात बायकोला घेऊन मुलीकडे मद्रासला जाणार होता. खुर्च्या, आरसे, भांडी सगळं बाहेर मांडलं होतं. एका टेबलावर दोन रिळं होती. एक साडूच्या रिळासारखंच चकाकणारं, किंबहुना त्याहून मोठं. दुसरं काळपट लाकडाचं, पाठीवर पितळेची पट्टी, दिसायला सुताराच्या घरातल्या मोडक्या खेळण्यासारखं.

माझा हात आपोआप चकाकणाऱ्याकडे गेला. किंमत विचारली. जेमतेम परवडत होती. ते अंगणात काढल्यावर साडूचा चेहरा कसा होईल, एवढंच मला त्या क्षणी दिसत होतं.

“कहां पकड़ना है, मास्टर? नदी में या समंदर में?” ड्रायव्हरने विचारलं.

“समंदर में.”

“फिर वो रख दो. समंदर में चमक नहीं चलती.”

मला वाटलं, म्हातारा महाग माल दुसऱ्या कुणासाठी ठेवतोय. मी शाळेतलं लोहचुंबक बरोबर आणलं होतं; खाऱ्या पाण्यात लोखंड गंजतं एवढं शास्त्र मलाही येत होतं. मी ते खिशातून काढल्यावर म्हातारा खूष झाला. त्याने खुर्ची ओढली. मी चुंबक चकाकणाऱ्या रिळाला लावलं, तर ते स्क्रूंना, मुठीच्या खिळ्याला, आतल्या आसाला टकाटक चिकटलं. वरचा मुलामा गेला की आत सगळं लोखंड. मग लाकडी रिळाला लावलं. आतली एक छोटी स्प्रिंग सोडली तर कुठेच चिकटेना. सगळे स्क्रू पितळेचे.

ड्रायव्हरने लाकडी रीळ बोटाने टिचकी मारून फिरवलं. ते कितीतरी वेळ आवाज न करता फिरत राहिलं. चकाकणारं चार फेऱ्यांत डुगडुगत थांबलं.

मग त्याने मला एक गोष्ट शिकवली. तागाचा दोरा समुद्रातून आला की त्याच दिवशी गोड्या पाण्यात धुवायचा आणि सावलीत वाळवायचा. नाही धुतला तर मीठ आत बसतं आणि दोरा वरून जसाच्या तसा दिसत आतून मरतो. कुजलाय की नाही हे बघायला दोन्ही हातांना वेढा घालून एक हिसका द्यायचा. चांगला दोरा बोटं कापतो. मेलेला दोरा तट्‌कन तुटतो. त्याने मला एक चांगला दोरा आणि एक मेलेला दोरा, दोन्ही हातात देऊन तोडायला लावले.

मी लाकडी रीळ आणि नवा दोरा घेतला. पण खरं सांगतो, स्टेशनवर येईपर्यंत दोनदा मागे वळून पाहिलं. शहाणपणाने घेतलेली वस्तू दाखवायला निघत नाही, आणि मला दाखवायचंच होतं.

काठीसाठी पैसे फारसे उरले नव्हते. धुळ्याच्या बाजारात सातपुड्यातले लोक बांबू आणत. त्यात भरीव बांबू निघतो, आतून पोकळ नसलेला, लाठीसाठी घेतात तो. तीन बाजार हिंडून मी एक सरळ, जवळ पेरांचा निवडला. दोन महिने तो चुलीवरच्या धुरात टांगला. तांबटाकडून पितळी तारेच्या कड्या करून घेतल्या. त्या कड्या बायकोने मेणाच्या दोऱ्याने काठीवर बांधल्या, वर मी लाख चढवली.

“काठी करताय की सवत आणताय?” ती दोरा दाताने तोडत म्हणाली. पण तिने बांधलेल्या कड्या शेवटपर्यंत हलल्या नाहीत.

पुढच्या आखाजीनंतर आबा, मी आणि बायको असे नरडाण्याहून तापी लाइनच्या गाडीने सुरतेला गेलो. आबांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. साडू स्टेशनवर आला होता. घरी गेल्यावर मेव्हणीने बटण दाबून दिवा लावून दाखवला, आणि माझी बायको जरा जास्तच वेळ त्याच्याकडे बघत राहिली.

चहा व्हायच्या आत मी माझं सामान काढलं. साडूने लाकडी रीळ हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि मनापासून हसला.

“भाऊ, हे भुसावळहून आणलं म्हणता, की बलुत्यात आलं?”

शेजारचे दोन रेल्वेवाले आले होते, तेही हसले. आबाही हसले. चेष्टा साधी होती. मीही हसलो, पण माझे कान तापले होते.

“तुम्ही उद्या माझं वापरून बघा हवं तर,” साडू म्हणाला, आणि त्याने आपलं चकाकणारं रीळ काठीसकट माझ्या मांडीवर ठेवलं. मग तो पाहुण्यांना पोचवायला फाटकापर्यंत गेला. आबा आत पाय धुवायला गेले.

मी एकटाच होतो. वर्षभर ज्याच्यासाठी जळलो ते माझ्या मांडीवर होतं. मी मूठ फिरवली. करकर आवाजात आता बारीक खरखर मिसळली होती. स्क्रूंच्या कडेने तांबूस गंज आला होता. आणि दोऱ्यावर मिठाचे पांढरे कण दिसत होते. मी टोकाकडचा वीतभर दोरा सोडवला, दोन्ही हातांना वेढला आणि हिसका दिला.

तट्‌.

बोटांना काही लागलंसुद्धा नाही. मी आणखी थोडा सोडवून पाहिला. तसाच तुटला.

फाटकाचा आवाज आला. मी काय केलं ते आजही मला नीट आठवतं. तुटलेले तुकडे खिशात घातले, गळ पुन्हा दोऱ्याला बांधला, गाठ ओली करून आवळली आणि काठी भिंतीला टेकवून ठेवली.

“कसं आहे?” साडूने विचारलं.

“झकास,” मी म्हणालो.

जेवताना सांगू, असं मी स्वतःला म्हणालो. जेवताना तो आबांना सांगत होता की उद्या त्याचे साहेब संध्याकाळी मासे खायला येणार आहेत. मग झोपताना सांगू म्हटलं. झोपताना बायको म्हणाली, “धाकटीचं स्वयंपाकघर बघितलंत? खिडकी आहे त्याला.” मी कूस बदलली.

सकाळी टांग्याने डुमसला गेलो. टांगा रस्त्यात होता तेवढा वेळही माझ्या हातात होता. समुद्र दिसल्यावर आबा धोतर वर खोचून तसेच उभे राहिले.

“इतलं पाणी! आपली तापीनं बठ्ठं पाणी आठेच येस का?”

“इथेच, आबा. त्या तिकडे मुख आहे,” साडू म्हणाला.

आबांनी ओंजळीत पाणी घेतलं, चाखलं आणि थुंकलं. “इतली गोड नदी, आणि काय करी टाकं तिनं!”

भरती चढत होती. गळाला कोलंबी लावून आम्ही दोघे गुडघाभर पाण्यात पंधरा-वीस पावलांच्या अंतराने उभे राहिलो. मला पहिल्या तासात दोन लहान शिंगाळे लागले. आबा “वा वा” म्हणाले. मला बरं वाटलं. आणि त्याच वेळी साडूची काठी कमानीसारखी वाकली.

रीळ ओरडायला लागलं. दोरा समुद्राकडे पळत होता. लांबवर पाणी फुटलं आणि मांडीएवढा जाड, रुपेरी मासा अर्धा वर येऊन परत आपटला. पुढे तिथल्या एका कोळ्याने सांगितलं, जिताडा असणार. आबा धावत पाण्यात गेले आणि त्यांनी मागून साडूची कंबर धरली.

“धर! धर! सोडू नको!”

साडू घामाने आणि पाण्याने निथळत होता, आणि त्याच्या तोंडावर असा आनंद होता की तसा मी मोठ्या माणसाच्या तोंडावर क्वचितच पाहिला आहे. तो मला हाका मारत होता, “भाऊ! भाऊ, बघताय ना!” मी बघत होतो. माझ्या मनात एकाच वेळी दोन गोष्टी चालल्या होत्या. तुटू नये, असं वाटत होतं. आणि अजून कसा तुटत नाही, असंही.

तो तुटला तेव्हा आवाजसुद्धा आला नाही. काठी एकदम सरळ झाली, आणि साडू आणि आबा दोघेही मागे पाण्यात बसले.

“गया,” आबा म्हणाले.

साडूने दोरा गुंडाळून घेतला. तुटलेलं टोक त्याने बोटांवर धरून पाहिलं. “नवाच होता हो,” तो म्हणाला. “जेमतेम वर्ष झालं असेल. दुकानदाराने फसवलं मला.” मग तो वाळूत जाऊन बसला आणि त्याने तोंड दोन्ही हातांत झाकलं. मला वाटलं, रागावलाय. पण खांदे हलत होते. एवढा मोठा माणूस माशासाठी रडेल असं मला वाटलं नव्हतं. आबा त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

मी जवळ गेलो आणि माझी काठी त्याच्यापुढे धरली.  “भरती अजून आहे,” मी म्हणालो. “साहेब येणार आहेत ना?”

त्याने काठी घेतली. माझ्या लाकडी रिळाने त्याला तासाभरात एक ठीक आकाराचा मासा दिला. चार माणसांच्या कालवणापुरता. त्याने तो वाळूवर ठेवला आणि मोठ्याने म्हणाला, “आबा, बघा हे रीळ! काय सुरेख फिरतंय! मी काल उगाच हसलो. भाऊंना पारख आहे, मला नाही.” आबाही म्हणाले, “मना मोठा जावाईले समजस.” वर्षभर मला हेच ऐकायचं होतं. ऐकलं, आणि मी पाठ फिरवून शिंगाळे पिशवीत भरायला लागलो.

दुपारी घरी आल्यावर मागच्या नळाखाली मी दोरा धूत होतो. साडू माझ्या शेजारी उकिडवा बसून पाहत होता.

“हे रोज करायचं असतं?” त्याने विचारलं.

“हो. नाहीतर कुजतो.” आणि मग मी थांबलो नाही. “तुमचा कुजलेला होता. मला काल संध्याकाळी कळलं. हातात तुटला माझ्या. मी गाठ मारून ठेवला.”

नळ चालू होता. त्याने तो बंद केला.

“मग बोलला का नाहीत?”

“हेवा वाटत होता.”

 मी शिव्यांची वाट बघत होतो. तो उठला, हात धोतराला पुसले आणि हळू आवाजात म्हणाला, “आबांना सांगू नका. त्यांना वाईट वाटेल.” आणि आत गेला.

उरलेले दोन दिवस तो माझ्याशी लागेल तेवढंच बोलला. निघताना नमस्कार केला, पण स्टेशनवर आला नाही. कामावर जायचंय म्हणाला. गाडीत मी बायकोला सगळं सांगितलं. आबा खिडकीशी डुलक्या घेत होते. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, “माझ्या कानात एक शब्द टाकला असतात तर मी धाकटीला सांगितलं असतं. मला पण वाटला होता हेवा, त्या खिडकीचा. पण मी काय ती फोडली का?”

वर्षभर साडूचं पत्र आलं नाही. दिवाळीला मी लिहिलं, उत्तर मेव्हणीने दिलं, चार ओळींचं. पुढच्या आखाजीला ते येतील की नाही हे आबांनाही कळत नव्हतं, आणि का, हेही कळत नव्हतं. ते आले. साडूने काठी आणली नव्हती. पहाटे आबांनी आम्हा दोघांनाही उठवलं आणि डोहावर पाठवून दिलं. स्वतः गुडघे दुखतात म्हणून घरीच राहिले.

आम्ही साधे बांबू घेऊन बसलो. सूर्य वर आला. मग पाण्याकडे बघतच तो म्हणाला, “भाऊ, मी वर्षभर एकच विचार केला. तुमच्या जागी मी असतो तर काय केलं असतं? मी सांगितलं असतं. लगेच. ते मला पचत नाही.”

“खरं आहे,” मी म्हणालो. “तुम्ही सांगितलं असतंत.”

“अजून वाटतो?”

“काय?”

“हेवा.”

खोटं बोलायची सोय नव्हती. “वाटतो,” मी म्हणालो. “पण आता रिळाचा नाही.”

त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तो हसेल असं वाटलं, पण हसला नाही. शेजारी गांडुळांची डबी होती, ती त्याने माझ्याकडे सरकवली आणि म्हणाला, “तुमचा गळ रिकामा आहे. केव्हाचा.”